पायऱ्यांवरचा लामा

पेरूला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. मागे वायना पिचूचा हिरवा सुळका, त्याच्या पायथ्याशी माचू पिचूची बिनछपराची दगडी घरं, आणि पुढे अगदी मधोमध, जबडा आडवा फिरवत रवंथ करणारा एक लामा. कानात कधी रंगीत लोकरीचे गोंडे. फोटो काढणाऱ्याकडे त्याचं लक्ष नसतं. लग्नाच्या ग्रुप फोटोत ऐन वेळी पुढे येऊन उभ्या राहिलेल्या दूरच्या काकांसारखा तो चौकटीत शिरतो, आणि घरी आल्यावर सगळे आधी त्यालाच बघतात.

आपली त्याची ओळख भूगोलाच्या पुस्तकातली. अँडीज पर्वतात ओझी वाहणारा प्राणी कोणता, एका गुणाचं उत्तर. त्यातून तिबेटचे लामा डोक्यात आधीपासून बसलेले, त्यामुळे शाळेत असताना मठातल्या भिक्षूच्या पाठीवर पोती लादलेली डोळ्यांसमोर यायची. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा लामा केचुआ भाषेतला, म्हणजे इंकांच्या भाषेतला, आणि पेरूत त्याचा उच्चार ‘यामा’च्या जवळ जातो. मराठीत तो इंग्रजी स्पेलिंगला धरून आला आणि लामा होऊन बसला.

माचू पिचूवर आज चरणारे लामा तिथले मूळ रहिवासी नाहीत. उंचावरच्या थंड पठारांचा हा प्राणी तिथे अलीकडच्या काळात आणून सोडलेला आहे. तो गवत खाऊन दगडी ताली साफ ठेवतो, आणि पाहुण्यांना फोटो मिळतो. हे कळलं की चोखंदळ पाहुणा जरा खट्टू होतो. म्हणजे नुसता शोभेचाच की! पण ज्या पायऱ्यांवर तो उभा असतो त्या कुणामुळे जमल्या, हे शोधत मागे गेलं की हिशेब उलटा होतो. गाव आधी की लामा आधी, असं विचारलं तर लामा आधी, आणि तोही हजारो वर्षांनी.

लामा म्हणजे बिनकुबडाचा उंट. ही उपमा नाही, नातं आहे. उंटांचं कुळ निपजलं उत्तर अमेरिकेत, चार कोटी वर्षांपूर्वी. तिथून एक शाखा आशियात उतरली आणि पुढे अरबस्तान-राजस्थानपर्यंत आली. दुसरी सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची जमीन जोडली गेल्यावर दक्षिणेला गेली. माहेरी मात्र कुणी उरलं नाही. उत्तर अमेरिकेतले उंट शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस संपले. इतक्या दूर गेलेल्या चुलत भावंडांची सोयरीक जुळते का, हे दुबईतल्या शास्त्रज्ञांनी कृत्रिम रेतनाने करून पाहिलं. १९९८ साली उंट बाप आणि लामा आई यांचं पिल्लू जन्मलं. त्याचं नाव ठेवलं रामा.

दक्षिणेला गेलेल्यांतून दोन रानटी जाती उरल्या, ग्वानाको आणि विकुन्या. माणसाने ग्वानाकोपासून लामा केला आणि विकुन्यापासून अल्पाका. अल्पाका लोकरीसाठी, लामा ओझ्यासाठी. पेरूच्या राष्ट्रचिन्हावर १८२५पासून मान आहे तो विकुन्याला. त्याची लोकर जगातल्या सर्वांत तलम लोकरींत गणली जाते. कष्ट करणाऱ्याला राष्ट्रचिन्हावर जागा मिळाली नाही, यात पेरू काही एकटा नाही.

माणूस आणि हा प्राणी एका गोठ्यात कधी आले, याचा एक पुरावा तेलारमाचाय नावाच्या कपारीत सापडला. पेरूच्या हुनीन भागात, चार हजार मीटरांहून उंच पठारावरचा हा दगडी निवारा. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ दानिएल लाव्हाले यांच्या चमूने तिथले थर उकरले, तेव्हा खालच्या थरांत शिकार केलेल्या हरणांची आणि रानटी जनावरांची हाडं होती. वर येत गेलं तसं चित्र बदललं. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या थरांत उंटकुळातली हाडं वाढली, आणि त्यात नवजात पिल्लांची हाडं फार झाली. शिकारी इतकी कोवळी पिल्लं मारत नाही. त्यात मांस ते किती? हाडांच्या अभ्यासक जेन व्हीलर यांनी लावलेला अर्थ साधा आणि करुण आहे. पिल्लं मारलेली नव्हती, मेलेली होती. आजही अँडीजमधल्या चिखलट, कोंदट वाड्यांत नवजात पिल्लं हगवणीने दगावतात. म्हणजे कुणीतरी जनावरं एका कुंपणात कोंडायला लागलं होतं. माणसाळण्याचा हा दाखला म्हणजे वाड्यातल्या घाणीने गेलेली पिल्लं.

पुढची काही हजार वर्षं ओलांडून मार्काकोचाला येऊ. माचू पिचूला जाणारी गाडी ज्या ओयांतायतांबो गावातून पकडतात, त्याच्या वरच्या खोऱ्यातलं हे छोटं तळं. छोटं होतं, आता भरून गेलंय. त्याच्या तळाचा गाळ नळीने उभा उपसला की वर्षांमागून वर्षं थरांत लागलेली मिळतात. अलेक्स चेपस्टो-लस्टी या संशोधकाने त्या गाळात दोन गोष्टी मोजल्या. एक, मक्याचे परागकण. दुसरी, एक मिलिमीटरहूनही लहान कोळीवर्गी किडे. हे किडे चराऊ कुरणावर पडलेल्या शेणालेंड्यांवर जगतात. तळ्याकाठी जनावरं जितकी जास्त, तितके किडे जास्त, आणि तितके ते वाहून गाळात जाणार. सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या थरात दोन्ही आकडे एकत्र वर चढतात. एवढ्या उंचीवर मका पिकू लागला तो लामाच्या लेंड्यांच्या खतावर, असा त्याचा निष्कर्ष. सरदार, सैन्य, राजधानी, सूर्यमंदिर हे सगळं त्यानंतर.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. धनगरांचा कळप रानातून जाताना शेतकरी मेंढ्या शेतात बसवून घेतो, आणि त्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो, हे देशावर कुणालाही माहीत आहे. लामाची एक सोय जास्तीची. तो वाटेल तिथे घाण करत नाही. सगळा कळप ठरलेल्या एकाच जागी लेंड्या टाकतो. गोळा करायला कुणाच्या मागे हिंडायला नको. त्या वाळवल्या की चुलीला जळणही होतं, आणि झाडं उगवत नाहीत अशा पठारावर जळण ही चैन नसते.

तर अशा खतावर आणि अशा जळणावर उभं राहिलेलं इंकांचं राज्य. पाचाकुती या राजाच्या काळात, पंधराव्या शतकाच्या मध्याला, २,४३० मीटर उंचीच्या एका खांद्यावर माचू पिचू उठलं. ते शहर नव्हतं. राजाने थंडीपासून जरा बाजूला, सवडीने येऊन राहावं अशी ती जहागिरी होती. इथे एक गैरसमज काढून टाकतो. ते भलेमोठे दगड लामांनी ओढून आणले नाहीत. लामा गाडी ओढत नाही, नांगर ओढत नाही. त्याच्यावर बसताही येत नाही, आणि त्याचं दूध काढायची पद्धत तिथे कधी रुजली नाही. ग्रॅनाइटची खाण डोंगरावरच होती आणि दगड माणसांनी रेटले.

लामाचं काम वेगळं. तो पाठीवर पंचवीस-तीस किलो घेतो आणि दिवसाला वीस किलोमीटरच्या आसपास चालतो. किलोभर जास्त झालं की मुकाट खाली बसतो. मग मारा, ओढा, ओरडा. तो उठत नाही. फार छेडलं तर मान मागे घेऊन थुंकतो, आणि ती थुंकी नसून पोटातून वर आणलेला आंबट हिरवा चारा असतो. ओझं काढलं की मुकाट उठून चालू लागतो. ओझं मोजायला तराजूची गरजच नव्हती म्हणायची.

आणि आता त्या पायऱ्या. इंकांच्या रस्त्यांचं जाळं ३०,००० किलोमीटरांचं होतं असं युनेस्कोने २०१४ मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवताना नोंदवलं. एवढ्या रस्त्यांवर एकही चाक फिरलं नाही. चाक नाही म्हणून रस्त्याला घाटाची वळणं घ्यायचं कारण नाही. चढ आला की सरळ पायऱ्या. त्या चढणारे दोघेच, माणूस आणि लामा. लामाला घोड्यासारखं टणक खूर नसतं. दोन बोटं, पुढे नखं, खाली मऊ गादी. ओल्या दगडावर ती गादी चिकटून बसते आणि वाटही उखणत नाही. त्याचं रक्तही उंचीसाठीच घडलेलं. त्यातल्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरतात. पुढे स्पॅनिश घोडे याच पायऱ्यांवर अडखळले, आणि स्वारांना उतरून त्यांना हाताने चालवावं लागलं. माचू पिचूच्या पायऱ्या चढताना धापा टाकत आपण म्हणतो, काय ही उंची! ती उंची आपल्या पायांसाठी नव्हती, इतकंच.

या खांद्यावरच्या ताली सगळ्यांचं पोट भरायला पुरेशा नव्हत्या. धान्य खालून आणि वरून येत होतं. मका, वाळवलेला बटाटा, आणि लामाचं वाळवलेलं मांस, ज्याला केचुआत ‘चार्की’ म्हणतात. इंग्रजीतला ‘जर्की’ तो हाच. १९१२ मध्ये इथली थडगी उकरली गेली तेव्हा माणसांबरोबर लामाच्या कुळातली हाडंही निघाली. ती येल विद्यापीठात गेली, आणि शंभर वर्षांच्या भांडणानंतर तिथल्या वस्तू २०११ पासून कुस्कोला परत आल्या.

ओझ्याचा प्राणी म्हटलं की आपण त्याला खालच्या पायरीवर बसवतो. अँडीजमध्ये तसं नव्हतं. तिथे तो आकाशात होता. इंका आणि त्यांचे शेजारी ताऱ्यांइतकेच ताऱ्यांमधल्या अंधारालाही ओळखत. आकाशगंगेच्या दुधाळ पट्ट्यात जे काळे डाग दिसतात, त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे याकाना, लामा. तिचे दोन डोळे म्हणजे आपण नरतुरंग समूहात ज्यांना मित्र आणि मित्रक म्हणतो ते दोन ठळक तारे. कोकणात, गोव्यात मे महिन्यात रात्री उशिरा ते दक्षिण क्षितिजाच्या जरा वर येतात; मान आणि धड मात्र आपल्याकडच्या धुरकट हवेत हरवतं. याकानाबद्दल वारोचिरीच्या केचुआ हस्तलिखितात लिहिलंय की मध्यरात्री, कुणी बघत नसताना, ती समुद्राचं पाणी पिते. प्याली नाही तर सारं जग बुडेल.

हे हस्तलिखित सुमारे १६०८ चं, फ्रान्सिस्को दे आव्हिला या पाद्र्याच्या आश्रयाने लिहिलेलं. त्याला स्थानिक दैवतं नष्ट करायची होती, आणि त्यासाठी ती आधी नोंदवून घ्यायची होती. त्यातच प्रलयाची गोष्ट सापडते. एक माणूस लामाला उत्तम कुरणात बांधतो, तर लामा गवताला तोंड लावत नाही, नुसता कण्हतो. माणूस मका खात असतो. चिडून उरलेलं कणीस त्याच्या अंगावर भिरकावतो, खा म्हणतो. तेव्हा लामा बोलतो. पाच दिवसांत समुद्र चढेल, विल्काकोतो डोंगरावर चल, पाच दिवसांचं खायला घे. ते वर पोचतात तर शिखर आधीच भरलेलं, प्यूमा, कोल्हे, कोंडोर, ग्वानाको, सगळे दाटीवाटीने. पाणी चढतं. जागा कमी पडल्याने कोल्ह्याची शेपटी पाण्यात भिजते, म्हणून तिचं टोक अजून काळं. मनूला मासा सांगतो, इथे लामा सांगतो. फरक एवढाच की मासा देवाचा अवतार होता आणि लामा लामाच राहिला. जीव वाचवल्यावर पुन्हा ओझी वाहायला लागला असणार.

वामान पोमा या केचुआ लेखकाने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून हजारावर पानांचा, चित्रांसह ग्रंथ लिहिला. तो राजापर्यंत पोचला की नाही कोण जाणे. पुढे १९०८ मध्ये तो कोपनहेगनच्या ग्रंथालयात मिळाला. त्यात ऑक्टोबर महिन्याच्या चित्रात एक काळा लामा खांबाला बांधलाय आणि भोवती माणसं आकाशाकडे बघून रडतायत. पाऊस लांबला की काळ्या लामाला उपाशी बांधून ठेवायचं, म्हणजे त्याच्या रडण्याने देवाला पाझर फुटेल. आपल्याकडे धोंडी काढतात तेव्हा कडुलिंबात बांधलेल्या बेडकाकडे हेच काम असतं. प्राण्याचं दुःख वर लवकर पोचतं, यावर दोन्हीकडे एकमत दिसतं. त्याच ग्रंथात एप्रिलच्या सणाचं चित्र आहे. कुस्कोच्या चौकात खुद्द राजा तांबड्या लामाशेजारी उभा राहतो आणि त्याच्या सुरात सूर मिसळून गातो, हळूहळू, अर्धा तास. लामा खरंच गुणगुणतो. तोंड मिटून, नाकातून, जरा काळजीत असल्यासारखा. पिल्लू दूर गेलं तरी, पाठीवर ओझं चढलं तरी. सम्राटाने अर्धा तास तो सूर पकडत उभं राहणं, हे मला सूर्यमंदिराच्या सोन्याहून भारी वाटतं.

घरोघरी मात्र दैवत लहान होतं. कोनोपा म्हणजे मुठीत मावेल असा दगडाचा लामा किंवा अल्पाका. पाय नाहीतच, बसका, गुळगुळीत, हाताळून झिजलेला. पाठीवर एक गोल खळगा. त्यात लामाची चरबी आणि कोकाची पानं भरायची आणि कळप वाढू दे म्हणायचं. आपल्या देव्हाऱ्यातले टाक जसे बापाकडून मुलाकडे येतात, तसा कोनोपा घरात राहायचा. १६२१ मध्ये पाब्लो होसे दे आरियागा या जेझुइटाने मूर्तिपूजेच्या निर्मूलनावर पुस्तकच लिहिलं. गावोगाव घरं धुंडाळून हे दगड फोडले, जाळले गेले. जे सुटले ते आज काचेआड असतात, खळगा रिकामा.

स्पॅनिशांनी लामाला नावच दिलं ‘इथली मेंढी’. मग खऱ्या मेंढ्या आणल्या, त्यांना कुरणं दिली. लूट झाली, खाण्यासाठी कत्तल झाली, वर खरजेची साथ आली. मार्काकोचाच्या गाळात याचा पुरावा आहे. स्पॅनिशांनी इंकांचं राज्य जिंकल्यानंतरच्या थरात ते सूक्ष्म किडे एकदम कमी होतात. वर्षं जातात, मग पुन्हा वाढतात. पण आता गाळात येणारं शेण गुरांचं आणि मेंढ्यांचं होतं.

लामाला सर्वांत जास्त राबवलं ते पोतोसीने. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या या डोंगरात चांदी सापडली. खनिज लामाच्या पाठीवरून उतरलं, भट्ट्या लामाच्या लेंड्यांवर पेटल्या. तयार चांदीच्या लगडी घेऊन तीनशे, पाचशे, कधी हजार लामांचे तांडे समुद्राकडे जात, असं होसे दे अकोस्ता याने १५९० च्या ग्रंथात लिहिलंय, आणि राखायला माणसं थोडीच, याचं त्याला नवल वाटलं. ती चांदी नाणी होऊन जगभर फिरली. बरीच पोर्तुगीजांच्या हातून गोव्यात आणि व्यापाऱ्यांच्या हातून सुरतेत उतरली, आणि इथल्या टांकसाळीत वितळून रुपये झाली. आपल्या कुणा पूर्वजाच्या कनवटीला बांधलेल्या रुपयातली थोडी चांदी तरी कधीकाळी लामाच्या पाठीवर बसून उतरली असेल.

मग खेचरं आली, नंतर रेल्वे, नंतर ट्रक. लामा वरच्या पठारांवर, केचुआ आणि आयमारा मेंढपाळांकडे उरला. माचू पिचूवर रान चढलं.

२४ जुलै १९११ ला अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम तिथे चढला तेव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. सकाळी पाऊस भुरभुरत होता. मेल्कोर आर्तेआगा हा शेतकरी वाट दाखवायला तयार होता. पण बिंगहॅमच्या सोबत्यांतल्या निसर्गतज्ज्ञाने येणं टाळलं. म्हणाला, नदीकाठी फुलपाखरं जास्त आहेत. फुलपाखरांपायी तो माणूस शतकातला शोध चुकला. बिंगहॅम ओंडक्यांच्या डगमगत्या पुलावरून चारही पायांवर रांगत गेला, वर सापांच्या भीतीने जपून चढला. वर शेतकरी कुटुंबं राहत होती आणि जुन्या तालींवर पीक काढत होती. एका मुलाने त्याला वाड्यांमधून फिरवलं. तसं पाहिलं तर १९०२ मध्येच आगुस्तीन लिसारागा या शेतकऱ्याने भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलं होतं.

आज हा परिसर ३२,५९२ हेक्टरांचं संरक्षित क्षेत्र आहे. दक्षिण अमेरिकेतलं एकमेव अस्वल, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे पट्टे असलेलं, त्या रानात राहतं, पण पाहुण्यांना क्वचितच दिसतं. दिसतो तो विस्काचा. सशासारखा, पण चिंचिलाचा नातेवाईक, शेपटी खारीसारखी झुपकेदार. सकाळी ऊन आलं की भिंतीच्या कोपऱ्यात डोळे अर्धे मिटून बसतो. दगडाच्या रंगाचा असल्याने माणसं हाताच्या अंतरावरून निघून जातात. त्याला कुणी आणून सोडलेलं नाही. त्याचं कुणाला कौतुकही नाही.

लामा पुरता भेटायचा असेल तर माचू पिचू सोडून चोकेकिरावला जावं. आपुरिमाक नदीच्या खोऱ्यात, रस्ता नाही, दोन दिवस पायपीट करून पोचावं लागतं. तिथे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडी काढताना ताली मोकळ्या झाल्या, आणि करड्या दगडांच्या भिंतींत पांढऱ्या दगडांनी रेखलेले लामा दिसले. वीसहून अधिक, मान ताठ, पाय सरळ. खालच्या तालीपासून वरपर्यंत, एकेका भिंतीवर. त्या पायऱ्यांची शेती ज्याच्या खतावर उभी होती, त्यालाच गवंड्याने भिंतीत बसवलंय. उतार इतका उभा की तालीवर उभं राहून एखादाच दिसतो. सगळा कळप एकत्र दिसायला बाजूच्या कड्यावरून खाली वाकून बघावं लागतं.